वडीलधाऱ्यांच्या कॉम्प्युटरची निगा

आपल्या शाळेंतील पुष्कळ विद्यार्थ्यांच्या घरीं आजी, आजोबा, आत्या किंवा मावशी यांच्यासाठीं एखादा जुना कॉम्प्युटर कोपऱ्यांतील टेबलावर मांडलेला असतो, आणि त्याची देखभाल बहुधा घरांतील शाळकरी मुलाकडेच आलेली असते. 'विंडोज १०' या प्रणालीस मिळणारा नेहमींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. जीं जुनीं यंत्रें 'विंडोज ११' च्या अटींत बसत नाहींत, त्यांच्यावर लिनक्स बसविण्याकडे तेव्हांपासून पुष्कळांचें लक्ष गेलें आहे. लिनक्स बसविणें हें एका दुपारचें काम होय. परंतु तें दहा-पंधरा वर्षें चालूं ठेवणें, आणि तेंही ज्यांना त्याच्या अंतरंगाशीं कांहीं एक कर्तव्य नाहीं अशा वृद्ध माणसांसाठीं चालूं ठेवणें, ही निराळी विद्या आहे. तिच्याविषयीं चार गोष्टी येथें सांगावयाच्या आहेत.

प्रथम लिनक्स म्हणजे काय तें पाहूं. ज्याला आपण लिनक्स म्हणतों ती एक वस्तु नसून अनेकांनीं घडविलेल्या वस्तूंची मोट आहे. तिच्या तळाशीं 'कर्नल' असतो. लिनस टॉरवाल्ड्स यांनीं फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठांत शिकत असतां १९९१ सालीं तो लिहिण्यास आरंभ केला. डिस्क, की-बोर्ड, प्रिंटर यांच्याशीं प्रत्यक्ष व्यवहार कर्नल करतो. त्याच्यावर, रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ मध्यें घोषित केलेल्या 'ग्नू' प्रकल्पांतील व इतरांचे प्रोग्राम येतात. सर्वांत वर येतो डेस्कटॉप, म्हणजे पडद्यावर जें कांहीं दिसतें तें: पट्ट्या, मेनू, आयकॉन, खिडक्या. हें सर्व एकत्र बांधून लोकांच्या हातीं देणाऱ्या मंडळ्या पुन्हा वेगळ्या. डेबियन १९९३ पासून, उबुंटू २००४ पासून व लिनक्स मिंट २००६ पासून हें काम करीत आहेत.

आतां घराचा दृष्टान्त घ्या. कर्नल हा घराचा पाया, आणि डेस्कटॉप म्हणजे खोलींतील मांडणी. म्हातारें माणूस रात्रीं अंधारांत उठतें आणि पाण्याचा तांब्या अचूक त्याच्या हाताला लागतो. पाया किती खोल आहे हें ठाऊक असल्यामुळें तो लागत नाहीं. तांब्या रोजच्या जागीं आहे म्हणून लागतो. टॉरवाल्ड्स यांचा कर्नलविषयीं एक कडक दंडक आहे: खालीं काय वाटेल तें बदला, पण लोकांचे चालत असलेले प्रोग्राम मोडतां कामा नयेत. त्यामुळें पाया वारंवार बदलूनहि घरांतल्या माणसाला त्याची वार्ता नसते. दुःख होतें तें मांडणी बदलल्यानें.

येथें एक शंका येण्याचा संभव आहे. मांडणी बदलल्यानें जर इतका त्रास होतो, तर कांहींच न बदलतां यंत्र आहे तसेंच कां ठेवूं नये? हा विचार मनाला मोह पाडणारा आहे, पण तो टिकत नाहीं. 'बॅश' नांवाचा एक प्रोग्राम बहुतेक लिनक्स यंत्रांवर असतो. त्यांत १९८९ सालापासून एक छिद्र होतें, आणि त्याचा शोध २०१४ च्या सप्टेंबरांत लागला. पंचवीस वर्षें कोणाच्याहि नजरेस न आलेली चूक जगजाहीर झाल्यावर चोरांना ती वापरण्यास एक दिवसहि लागला नाहीं. ज्यांनीं यंत्र अद्ययावत् ठेवलें होतें त्यांचें छिद्र बुजलें, इतरांचें उघडें राहिलें. शिवाय आपण बदललों नाहीं तरी बाहेरचें जग बदलावयाचें थांबत नाहीं. इंटरनेटवरील स्थळांची ओळख पटविणारीं प्रमाणपत्रें असतात. त्यांपैकीं पुष्कळांना आधार असलेल्या एका मूळ प्रमाणपत्राची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजीं संपली, आणि बरींच जुनीं, न बदललेलीं यंत्रें कांहीं स्थळें उघडण्यास एकाएकीं नकार देऊं लागलीं. आजोबांनीं कांहींहि केलेलें नसतां त्यांचें वर्तमानपत्र उघडेनासें होतें तें असें. मग आजोबांस वाटतें कीं, आपल्याच हातून कांहीं तरी बिघडलें.

तेव्हां बदल हा करावाच लागतो. प्रश्न एवढाच, कीं तो कोठें करावयाचा आणि कोठें नाहीं.

ज्या काळांत हा प्रश्न सर्वांत तीव्रपणें पुढें आला तो काळ म्हणजे २०१० ते २०१३. त्यापूर्वीं पुष्कळ लिनक्स यंत्रांवर 'ग्नोम २' हा डेस्कटॉप असे. वर एक पट्टी, खालीं एक पट्टी. वरच्या पट्टींत डावीकडे तीन मेनू. खालच्या पट्टींत उघडलेल्या खिडक्यांचीं नांवें. २००२ सालीं तो निघाला आणि आठ-नऊ वर्षें लोकांच्या हाताला त्याची संवय झाली. २०११ च्या एप्रिलांत 'ग्नोम ३' आला. त्यांत ते तीन मेनू नाहींसे झाले, खालची पट्टी गेली, आणि खिडकी मिटवून ठेवण्याचें बटणहि काढून टाकण्यांत आलें. त्याच महिन्यांत उबुंटूनें 'युनिटी' नांवाची आपली वेगळी मांडणी पुढें केली. त्याच्या एक वर्ष आधीं, म्हणजे २०१० च्या एप्रिलांत, उबुंटूनें खिडकी बंद करण्याचें बटण उजव्या कोपऱ्यांतून डाव्या कोपऱ्यांत नेलें होतें. तें २०१७ च्या ऑक्टोबरांत पुन्हा उजवीकडे आणलें. या प्रवासानें कोणाचें काय कल्याण झालें हें प्रस्तुत लेखकास अद्याप समजलेलें नाहीं. नव्या मांडणीचा त्रास केवळ म्हाताऱ्यांनाच झाला असेंहि नव्हे. खुद्द टॉरवाल्ड्स यांनीं २०११ मध्यें 'ग्नोम ३' विषयीं उघड नाराजी व्यक्त केली व ते 'एक्सएफसीई' या साध्या डेस्कटॉपकडे वळले. ज्यानें पाया घातला त्यालाच खोलींतला तांब्या सांपडेना!

माझ्या एक आत्या श्रीरामपूरजवळ राहतात. त्या निवृत्त परिचारिका आहेत. वयाच्या सासष्टाव्या वर्षीं, २०१० सालीं, त्यांना उबुंटू घातलेलें यंत्र मिळालें. वर्तमानपत्र वाचणें, परदेशांतील मुलीस पत्र लिहिणें, घरचा जमाखर्च मांडणें एवढ्यासाठीं त्या तें वापरीत, आणि तेवढें त्यांना उत्तम येत असे. त्या आवृत्तीचा आधार तीन वर्षांनीं संपणार होता. म्हणून २०१३ च्या उन्हाळ्यांत कॉलेजांत शिकणाऱ्या त्यांच्या नातवानें सुटींत येऊन एका रात्रींत नवी आवृत्ति घातली. मुलगा हुशार, हेतु चांगला, कामहि निर्दोष. एकहि पत्र हरवलें नाहीं. पण सकाळीं पडदा उजळला तों डाव्या कडेला आयकॉनांची उभी ओळ, वरचे तीन मेनू बेपत्ता, प्रत्येक प्रोग्रामचा मेनूसुद्धां माऊस वर नेल्याखेरीज दिसेना, आणि पत्र लिहिण्याच्या प्रोग्रामचें 'ओपनऑफिस' हें नांव जाऊन तेथें 'लिब्रेऑफिस' आलेलें. नातवानें अर्धा तास समजावून सांगितलें. आत्याबाई "हो, समजलें रे बाळ" म्हणाल्या. तो त्याच दुपारच्या गाडीनें पुण्यास गेला.

पुढें चार महिने त्यांनीं तें यंत्र उघडलें नाहीं. त्याच्यावर भरतकामाचें एक कापड घातलें, आणि कोणीं विचारलें तर "हल्लीं डोळ्यांना त्रास होतो" असें सांगूं लागल्या. मुलीचीं पत्रें येऊन पडत होतीं. डोळ्यांना कांहींहि झालेलें नव्हतें. त्या रोज रात्रीं पुस्तक वाचीत होत्या. वृद्ध माणसें यंत्राविषयीं तक्रार करीत नाहींत, तीं स्वतःलाच दोष देतात आणि मुकाट्यानें बाजूला होतात. यासाठीं "आजी कांहीं बोलली नाहीं, म्हणजे सर्व ठीक आहे" असें विद्यार्थ्यांनीं समजूं नये. शेवटचें पत्र किती तारखेस लिहिलें तें पाहावें. त्यावरून खरी हकीकत कळते.

त्यावर जो उपाय झाला तो असा. 'ग्नोम २' बंद पडला तेव्हां आर्जेंटिनांतील एका वापरकर्त्यानें २०११ मध्येंच त्याची प्रत घेऊन ती पुढें चालविण्याचें काम हातीं घेतलें. लिनक्सचे प्रोग्राम कसे चालतात हें कोणासहि उघडून पाहतां येतें, त्यांत बदल करतां येतो व तो बदललेला प्रोग्राम इतरांस वाटतां येतो. या परवानगीमुळेंच हें शक्य झालें. त्या डेस्कटॉपास त्यानें 'माते' हें नांव दिलें. माते ही दक्षिण अमेरिकेंतील एक वनस्पति असून तिचा काढा तिकडील लोक आपण चहा पितों तसा पितात. त्यांतील प्रोग्रामांचीं नांवेंहि स्पॅनिश आहेत: फाइली ठेवण्याचा 'काखा' म्हणजे पेटी, मजकूर लिहिण्याचा 'प्लूमा' म्हणजे पीस किंवा लेखणी, आणि कागद वाचण्याचा 'आत्रिल' म्हणजे पुस्तक ठेवावयाची घोडी. लिनक्स मिंटनें आपल्या एका आवृत्तींत हा डेस्कटॉप घेतला. आत्याबाईंच्या यंत्रावर २०१३ च्या दिवाळींत मिंटची १३ वी आवृत्ति बसविली, दोन्ही पट्ट्या पूर्वींच्या जागीं मांडल्या, बंद करण्याचें बटण त्यांच्या संवयीप्रमाणें डावीकडे ठेवलें, आणि पत्र लिहिण्याच्या आयकॉनखालीं 'पत्र' एवढेंच लिहिलें. कापड निघालें.

त्यानंतर पाया तीनदां बदलला. मिंटच्या मुख्य आवृत्तीस साधारण पांच वर्षें आधार मिळतो: १३ वी २०१७ पर्यंत, १८ वी २०२१ पर्यंत, २० वी २०२५ पर्यंत, आणि २०२४ च्या जुलैंत निघालेली २२ वी २०२९ पर्यंत चालावयाची आहे. मधल्या आवृत्त्या सोडून देऊन दर चार वर्षांनीं एकदां बदल करणें असा क्रम ठेवला, आणि आतां ऐंशी ओलांडलेल्या आत्याबाई आजहि त्याच दोन पट्ट्यांच्या मांडणींत पत्रें लिहितात. उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्त्या दर दोन वर्षांनीं एप्रिलांत निघतात आणि त्यांनाहि पांच वर्षांचा आधार असतो. डेबियनहि याच जातीचा, संथ आणि भरंवशाचा. वडीलधाऱ्यांसाठीं निवड करतांना कोणती आवृत्ति सर्वांत नवी हें न पाहतां कोणती सर्वांत लांबपर्यंत टिकेल हें पाहावें. नवी आवृत्ति निघाल्याबरोबर तिच्यावर झडप घालूं नये. उबुंटू स्वतःच आपल्या जुन्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवरील लोकांना नव्या आवृत्तीची पहिली दुरुस्ती निघेपर्यंत, म्हणजे दोन-चार महिने, वर येण्याचें सुचवीत नाहीं. यांत शहाणपण आहे.

छिद्रें बुजविणारे लहान अपडेट मात्र आपोआप होतील अशी व्यवस्था करावी. पासवर्ड मागणारी चौकट एकाएकीं पुढें आली कीं वृद्ध माणूस घाबरतें. आणि एकदां तिला पासवर्ड देण्याची संवय लागली, म्हणजे उद्यां एखाद्या ठगानें दाखविलेल्या खोट्या चौकटीलाहि तें तो देईल. नव्या कर्नलानें एखादे दिवशीं यंत्र सुरूच झालें नाहीं, तर आरंभींच्या यादींत जुना कर्नलहि राखून ठेवलेला असतो. तो निवडावा आणि काम चालूं ठेवावें. कारण मागाहून शोधतां येतें.

मोठ्या बदलाच्या आधींची तयारी हेंच खरें काम. पत्रें, छायाचित्रें व हिशेब यांच्या दोन प्रती दोन निराळ्या ठिकाणीं काढाव्या. मिंटमध्यें 'टाइमशिफ्ट' नांवाची सोय आहे, तिच्यावर कित्येकजण विसंबतात. परंतु ती मूळ प्रणालीचें चित्र जतन करते, आजीचीं पत्रें सहसा त्यांत धरलेलीं नसतात. यंत्र प्रथम बसवितांनाच 'होम' हा भाग डिस्कवर वेगळा ठेवला, तर पुढें प्रणाली पुसून नवी घातली तरी तो भाग जसाच्या तसा राहतो. नवी आवृत्ति आधीं पेन ड्राइव्हवरून चालवून पाहावी. तींत डिस्कला हात न लावतां आवाज येतो कीं नाहीं, वाय-फाय लागतो कीं नाहीं, प्रिंटर कागद छापतो कीं नाहीं, हें सर्व पाहतां येतें. त्याच वेळीं वडील माणसास शेजारीं बसवून "हें असें दिसेल, चालेल ना?" असें विचारावें. त्यांनीं "नको, पुढच्या महिन्यांत" म्हटलें तर पुढच्या महिन्यांत करावें. यंत्र त्यांचें आहे. आणि आपल्या मुक्कामाच्या पहिल्या दिवशीं हें काम करावें, शेवटच्या संध्याकाळीं कदापि करूं नये. पुढचे दोन-तीन दिवस शेजारीं नुसतें बसून राहावें, आणि माऊस आपल्या हातांत घेऊं नये.

मराठी लिहिणाऱ्यांच्या बाबतींत आणखी एक अडचण येते, आणि ती इंग्रजींतील मार्गदर्शक पुस्तकांत सांपडत नाहीं. आपल्याकडील पुष्कळ वृद्धांनीं युनिकोड रूढ होण्यापूर्वींच्या फॉन्टांत लेखन करून ठेवलें आहे. त्या फॉन्टांत खरें पाहतां इंग्रजी अक्षरांच्याच जागीं देवनागरीचीं चित्रें बसविलेलीं असत. फॉन्ट आहे तोंवर मजकूर मराठी दिसतो. नवी प्रणाली घालतांना फॉन्ट गेला, कीं त्याच पानावर इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची निरर्थक रांग उरते. मजकूर नष्ट झालेला नसतो, पण पाहणाराच्या काळजाचा ठोका चुकतो. यासाठीं असे फॉन्ट प्रणालीच्या सामाईक जागेंत न ठेवतां त्या व्यक्तीच्या 'होम' मधील फॉन्टांच्या कप्प्यांत ठेवावे, म्हणजे ते बदलांतून सुखरूप पार पडतात. सवडीनें महत्त्वाचें लेखन युनिकोडमध्यें उतरवून घ्यावें, आणि मूळ फाइलहि जपावी; कारण उतरवितांना जोडाक्षरें व रफार यांची हमखास गडबड होते.

की-बोर्डाचीहि तीच गोष्ट. इन्स्क्रिप्ट मांडणींत स्वर डाव्या हाताला व बहुतेक व्यंजनें उजव्या हाताला असतात. दुसरी मांडणी उच्चारानुसार, म्हणजे क साठीं के दाबणें अशी. आजोबांच्या बोटांना कोणती संवय आहे तें आधीं लिहून ठेवावें. मांडणीचें नांव, आणि मराठी-इंग्रजी बदलण्यासाठीं ते कोणतीं बटणें दाबतात, हीं दोन्ही. इतकी क्षुल्लक वाटणारी नोंद नसली, तर सर्व प्रणाली उत्तम चालत असूनहि आजोबा 'चि.' हीं पहिलीं अक्षरेंसुद्धां उमटवूं शकत नाहींत.

दूर गांवीं राहणाऱ्या नातलगाचें यंत्र आपल्या घरून सांभाळतां येतें. त्यासाठीं सुरक्षित दुव्याचे प्रोग्राम आहेत. परंतु त्यांचा उपयोग करण्यापूर्वीं दर खेपेस फोन करावा. कोणाची न्हाणीघराबाहेर खाकरण्याची पद्धत असते ती कशासाठीं, हें आपण जाणतोंच. पडदा दुरून दाखविणारे कांहीं जुने प्रोग्राम 'वेलँड' या नव्या चित्रपद्धतींत चालत नाहींत. तेव्हां बदल करण्यापूर्वीं तीहि चौकशी करावी, नाहीं तर आपलेंच दार आपणांस बंद व्हावयाचें. पासवर्ड, प्रिंटरचें नांव, कोणती आवृत्ति केव्हां घातली, हें सर्व एका वहींत ठळक अक्षरांत लिहून ती वही घरांतच ठेवावी. देखभाल करणारा मुलगा उद्यां शिक्षणासाठीं परगांवीं जाईल. मग धाकट्या भावंडानें काय करावें? पासवर्डाचें पान पाकिटांत बंद करून आजींच्याच कपाटांत असावें.

शेवटीं यंत्रच थकतें. ज्यांचा प्रोसेसर ३२ बिटांचा आहे अशा यंत्रांना उबुंटू, मिंट व डेबियन या तिघांचाहि नवा आधार आतां राहिला नाहीं. मिंटनें २० व्या आवृत्तीपासूनच तो सोडला. अशा वेळीं दुसरें, ६४ बिटांचें वापरलेलें यंत्र घ्यावें, त्यावर तीच मांडणी बसवावी, आणि जुना 'होम' भाग त्यांत उतरवून घ्यावा. पडदा थोडा मोठा मिळाल्यास उत्तम. की-बोर्ड व माऊस मात्र जुनेच लावावे. पुष्कळ जुन्या की-बोर्डांचें टोक गोल असतें, तें नव्या यंत्रांत बसत नाहीं; त्यासाठीं यूएसबीचा जोड बाजारांत मिळतो.